खांबापासून सुरुवात करा: पोस्ट होल डिगरसाठी ऑगरचं माप कसं ठरवायचं

खांब 4 इंची, ऑगर (जमिनीत गोल खड्डा पाडणारं मोठं गिरमिट) 6 इंची. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच जागा उरली, तेवढी पुरे. कुंपणाचं पहिलं काम हाती घेतलं तेव्हा मीही असाच हिशेब केला होता. खड्डे भराभर पडले, मातीही थोडीच निघाली. खांब उतरवायला घेतले आणि काम तिथेच अडलं. खांब चौकोनी होता. 4 इंच ही त्याची बाजू. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं तर तोच खांब 5.66 इंच भरतो. चारही कोपरे खड्ड्याच्या भिंतीला घासत होते. खांब कसेबसे खाली गेले, पण ओळंबा लावून सरळ करायला वाव नव्हता आणि भोवती माती ठोसायला पहारही आत शिरेना. वरून लोटलेली माती निम्म्यावर अडकली, खाली पोकळी तशीच राहिली. एक पाऊस झाला आणि ते खांब हाताने हलू लागले.

ट्रॅक्टरला मागून जोडायचं खड्डे खोदणारं यंत्र, म्हणजे पोस्ट होल डिगर, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ट्रॅक्टरची ताकद बघतात आणि तो ओढू शकेल तेवढा मोठा ऑगर निवडतात. मोठा असला की सगळीकडे चालेल, असा त्यामागचा विचार असतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी खांब बघावा, मग त्याच्याभोवती काय भरणार ते ठरवावं, मग जमीन बघावी आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टरकडे वळावं. या क्रमाने गेलं की बहुतेक वेळा उत्तर वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघतं.

आधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. सुताराचं गिरमिट असतं तसाच ऑगर असतो, फक्त बराच मोठा. मधे दांडा, त्याभोवती गोल फिरत वर जाणारी पाती, खालच्या कडेला माती कापणारे दाते आणि अगदी टोकाला मधोमध एक अणी, जी ऑगरला जागेवर धरून ठेवते. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.चा दांडा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो. तो वेग ऑगरच्या डोक्यावरच्या गिअरबॉक्समध्ये साधारण एकतृतीयांशावर येतो आणि त्याच प्रमाणात फिरवण्याचा जोर वाढतो. म्हणजे ऑगर मिनिटाला साधारण 150 ते 200 फेरे घेतो. नेहमी मिळणारे व्यास 6, 9, 12, 18 आणि 24 इंच.

आता खांबाकडे वळू. माती परत भरून ठोसायची असेल, तर खांबाच्या चारही बाजूंना पहारीचं चपटं डोकं मोकळेपणाने वरखाली होईल एवढी फट लागते. ती साधारण 2 इंच धरा. त्यामुळे 4 इंची गोल खांबाला 8 इंचांच्या आसपासचा खड्डा हवा, आणि हाताशी असणारा 9 इंची ऑगर त्याला बरोबर बसतो. 6 इंची ऑगर मग कशाच्या कामाचा? 2 ते अडीच इंची लोखंडी पाइप, अँगलचे खांब आणि लहान रोपं यांच्यासाठी तो उत्तम. चौकोनी खांब असेल तर बाजू न मोजता कर्ण मोजा. बाजूला 1.4 ने गुणलं की कर्ण मिळतो. 6 इंची चौकोनी खांबाचा कर्ण साडेआठ इंच होतो, म्हणजे 9 इंची ऑगरच्या खड्ड्यात तो मावेल, पण ठोसायला जागा राहणार नाही. तिथे 12 इंचीच लागतो.

काँक्रीट ओतायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे खांबाच्या जाडीच्या तिप्पट व्यास हा रूढ ठोकताळा आहे. 4 इंची खांबाला 12 इंचांचा खड्डा, म्हणजे खांबाभोवती 4 इंच जाड काँक्रीट. त्याहून फार पातळ राहिलं तर ताण आल्यावर ते तडकण्याची भीती असते. पण म्हणून कुंपणाच्या प्रत्येक खांबाला काँक्रीट लागतंच असं नाही. चांगल्या जमिनीत नीट थरांनी ठोसलेली माती मधल्या खांबांना पुरते. कोपऱ्यातले खांब आणि फाटकाचे खांब यांची गोष्ट वेगळी. कोपऱ्यावर दोन्हीकडच्या तारांची ओढ येते, फाटकाच्या खांबावर फाटकाचं वजन सतत एकाच बाजूला लोंबत असतं. तिथे खांबही जाड घ्यावा, खड्डाही रुंद आणि खोल घ्यावा. एकाच कुंपणासाठी दोन मापांचे ऑगर लागणं यात काहीच वावगं नाही. उलट कोपऱ्याच्या चार-सहा खांबांसाठी सगळ्या ओळीचे खड्डे 12 इंचांचे पाडणं ही निव्वळ नासाडी.

नासाडी का, ते आकड्यांत बघू. खड्डा अडीच फूट खोल आहे असं धरा. 6 इंची ऑगरने साधारण अर्धा घनफूट माती निघते. 9 इंचीने 1.1 घनफूट. 12 इंचीने जवळजवळ 2 घनफूट. 18 इंचीने 4.4 आणि 24 इंचीने 7.9 घनफूट. व्यास दुप्पट केला की माती चौपट होते, कारण गोलाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 9 वरून 12 वर जाणं म्हणजे फक्त 3 इंच वाढवणं असं वाटतं, पण 4 इंची गोल खांब आत उभा केल्यावर उरलेली जागा 0.9 घनफुटांवरून पावणेदोन घनफुटांवर जाते. म्हणजे ठोसायची माती दुप्पट. काँक्रीट भरणार असाल तर काँक्रीट दुप्पट. 100 खांबांच्या ओळीत हा फरक सुमारे 86 घनफुटांचा होतो. खोदायला यंत्र आहे म्हणून तो जाणवत नाही, पण ठोसायला हातच असतात. संध्याकाळी पहार धरलेल्या माणसाचे तळवे बघितले की या 3 इंचांचं वजन कळतं.

खांब पक्का बसावा म्हणून खड्डा रुंद करण्याचीही चाल आहे. पण आडव्या जोराला खांब टिकतो तो मुख्यतः खोलीमुळे. रुंद आणि उथळ खड्ड्यातला खांब कलतो. अरुंद पण खोल खड्ड्यातला उभा राहतो, अट एकच की भोवतीची माती घट्ट हवी. एकूण लांबीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भाग जमिनीत, हा जुना ठोकताळा अजूनही भरवशाचा आहे. 8 फुटी खांब दोन ते अडीच फूट गाडावा, कोपऱ्याचा त्याहून खोल. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे खड्ड्याचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर फुगणारी जमीन खांबाला दरवर्षी थोडं थोडं वर ढकलते.

खोलीचा विषय निघालाच आहे तर ऑगरची लांबी बघा. ऑगर साधारण 3 ते 4 फूट लांब असतो आणि ट्रॅक्टरच्या लिफ्टने, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेने, पूर्ण उचलल्यावर त्याचं टोक जमिनीपासून वर सुटायला हवं. लहान ट्रॅक्टरची लिफ्ट फार उंच जात नाही. त्यावर लांब ऑगर लावला तर खड्ड्यातून तो पूर्ण बाहेरच येत नाही आणि एका खड्ड्यावरून दुसऱ्याकडे जाताना टोक जमिनीवर घासत जातं. घेण्याआधी लिफ्ट पूर्ण वर करून टेपने मोजून बघा.

आता जमीन. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

तीन-बिंदू जोडणीवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार अडकवण्याच्या सोयीवर, चालणाऱ्या बहुतेक डिगरना खाली दाबणारा जोर नसतो. ट्रॅक्टरची लिफ्ट उचलते, दाबत नाही. ऑगर जमिनीत जातो तो स्वतःच्या, गिअरबॉक्सच्या आणि तो ज्याला टांगलेला असतो त्या वरच्या दांड्याच्या वजनाने. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की मापाचं बरंचसं कोडं सुटतं. समजा एकच गिअरबॉक्स आणि जवळपास तेवढंच वजन 6 इंचांच्या कडेवर पडतंय, आणि नंतर तेच 18 इंचांच्या कडेवर. दुसऱ्या वेळी प्रत्येक दात्याच्या वाट्याला येणारा दाब फार कमी होतो. भुसभुशीत जमिनीत हे जाणवत नाही. वाळलेल्या, कडक जमिनीत मात्र मोठा ऑगर नुसता फिरत राहतो. इंजिनाचा आवाज बदलत नाही, दात्यांखालून पिठासारखी बारीक धूळ उडते, तळाला एक चकचकीत गोल रिंगण उमटतं आणि खड्डा बोटभरही खोल जात नाही. बघणाऱ्याला वाटतं ट्रॅक्टर कमी पडतोय. ट्रॅक्टरला तर कामच लागलेलं नसतं. दात्यांना दाब मिळत नसतो. अशा वेळी जास्त एचपीच्या ट्रॅक्टरचा उपयोग नाही. लहान ऑगर लावा, दाते धारदार आहेत का बघा, खड्ड्याच्या जागी आदल्या दिवशी पाणी सोडा. वापशावरची जमीन, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी, ऑगरला सगळ्यात सोपी जाते.

याच ठिकाणी एक जीवघेणी सवय दिसते. ऑगर आत जात नाही म्हणून कुणीतरी गिअरबॉक्सवर किंवा वरच्या दांड्यावर बसतं, किंवा लोंबकळून भार देतं. हे कधीही, कुणालाही करू देऊ नका. पी.टी.ओ.चा दांडा सेकंदाला 9 फेरे घेतो. सैल बाही किंवा लोंबती दोरी एकदा त्यात अडकली की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. ऑगर फिरत असताना चालकाशिवाय कुणीही जवळ नको, आणि चालक आपल्या जागेवरच हवा.

चिकणमातीचा त्रास वेगळा. ती पात्यांना चिकटते, पात्याच्या दोन वेढ्यांमधली जागा भरून जाते आणि ऑगर मातीचा एक भरीव लोळा होऊन फिरतो. लहान व्यासाच्या ऑगरमध्ये दांडा आणि पात्याची कड यांच्यात जागाच थोडी, त्यामुळे तो लवकर बुजतो. उपाय साधा: अर्धा फूट खोदा, वर उचला, माती झटकू द्या, पुन्हा खाली जा. ओल्या चिकणमातीत घाई करून ऑगर एकदम खाली सोडला तर तो माती कापत नाही, स्क्रूसारखा आत घुसत जातो आणि रुतून बसतो. मग लिफ्टने ओढून काढायचा मोह होतो; तसं केलं की लिफ्टवर आणि दांड्यावर भलताच ताण येतो. ट्रॅक्टर बंद करा, पी.टी.ओ. सोडवा आणि मोठ्या पाइप पान्याने ऑगर हाताने उलटा फिरवत बाहेर काढा. वेळ लागतो, पण काही मोडत नाही.

वाळूसर जमिनीत खोदणं सोपं, खड्डा टिकवणं अवघड. भिंती ढासळतात आणि 9 इंचांचा खड्डा बघता बघता वर फुटभर रुंद होतो. तिथे गरजेपेक्षा मोठा ऑगर घेतला तर ढासळणं आणखी वाढतं. लहान व्यास घ्या, जमीन ओलसर असताना काम करा आणि खड्डा पडला की लगेच खांब उभा करा.

मुरमाड आणि दगडगोट्यांच्या जमिनीत मापाइतकेच दाते महत्त्वाचे. मातीसाठीचे चपटे दाते दगडावर बोथट होतात. तिथे कार्बाइडचे टोकदार दाते लागतात. मोठ्या ऑगरची कड वेगानेही जास्त फिरते. मिनिटाला 180 फेरे धरले तर 6 इंची ऑगरची कड सेकंदाला पावणेपाच फूट जाते, 24 इंचीची जवळजवळ 19 फूट. तो दाता दगडावर आदळला की धक्का किती मोठा असेल याची कल्पना येते. म्हणून मोठा ऑगर नेहमी हळू फिरवायचा. आधी 6 किंवा 9 इंचीने भोक पाडून मग 12 किंवा 18 इंची फिरवावा, असंही अनेक जण सुचवतात. एखादा कडक थर फोडायला ही युक्ती कामी येते. पण तयार भोकात मोठ्या ऑगरच्या अणीला धरायला मातीच उरत नाही आणि तो इकडेतिकडे भरकटू लागतो. त्यामुळे हे रोजच्या पद्धतीत आणू नये, असं मला वाटतं.

ट्रॅक्टरची पाळी आता. ऑगरचा व्यास वाढला की कापायची कड लांब होते आणि ती दांड्यापासूनही दूर जाते. दोन्हींचा परिणाम गुणला जातो. त्यामुळे एका फेऱ्यात तेवढीच खोली कापायची असेल तर 6 वरून 12 इंचांवर जाताना फिरवण्याचा जोर ढोबळमानाने चौपट लागतो. 20 ते 25 एचपीच्या लहान ट्रॅक्टरवर 6 आणि 9 इंची निवांत चालतात, मऊ जमिनीत 12 इंचीही. 18 आणि 24 इंचींसाठी 40 एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर आणि त्याला साजेसा भक्कम गिअरबॉक्स हवा. शेवटचा शब्द मात्र यंत्रासोबतच्या पुस्तिकेचा. गिअरबॉक्सला किती एचपी आणि किती व्यासाचा ऑगर चालतो ते तिथे दिलेलं असतं. ताकदवान ट्रॅक्टरला हलका गिअरबॉक्स जोडला तर आधी गिअरबॉक्स जातो. ऑगर जिथे गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतो तो जोडही मोजून घ्या. तो गोल, चौकोनी किंवा षटकोनी असतो आणि वेगवेगळ्या मापांत येतो. व्यास बरोबर निवडला आणि जोड बसला नाही, असं सर्रास होतं.

त्या जोडाजवळ किंवा पी.टी.ओ. दांड्यावर शिअर बोल्ट असतो. ऑगर दगडात अडकला की तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. तो वारंवार तुटतोय म्हणजे ऑगर जमिनीच्या मानाने मोठा आहे, दाते बोथट आहेत किंवा वेग जास्त आहे. त्याच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालू नका. मग तुटण्याची पाळी गिअरवर येते. आणि बोल्टचं टोक बाहेर आलेलं असेल तर कपडा अडकायला तेवढं पुरतं.

झाडांसाठी खड्डे पाडणाऱ्यांचा हिशेब थोडा निराळा. इथे मोजायची ती रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा. खड्डा हुंडीच्या दीडपट ते दुप्पट रुंद असावा, खोल मात्र हुंडीएवढाच. ऑगरची अणी तळाला मधोमध आणखी खोल भोक पाडते आणि त्यात भुसभुशीत माती राहते. ती पायाने दाबून घेतली नाही तर रोप नंतर खाली खचतं. आणखी एक गोष्ट डोळ्यांनी आणि बोटांनी तपासण्यासारखी आहे. चिकणमातीत ऑगर फिरला की खड्ड्याची भिंत घोटली जाते. आत बोट फिरवून बघा, भाजलेल्या मडक्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत लागते. त्या भिंतीतून पाणी मुरत नाही, कोवळी मुळं तिला भेदू शकत नाहीत आणि कुंडीत वाढावीत तशी ती आतल्या आत गोल फिरत राहतात. रोप लावण्याआधी पहारीने किंवा कुदळीने भिंतीला चारी बाजूंनी ओरखडे काढा. 24 इंचांहून रुंद खड्डा हवा असेल तर शेजारी शेजारी भोकं पाडून तो करायला जाऊ नका, ऑगर आधीच्या भोकात सरकतो. तिथे खोदकामाचं दुसरं यंत्र बरं.

मापात थोडी सूट का ठेवायची याचं एक कारण यंत्राच्या चालीतच आहे. ज्या दांड्याला ऑगर टांगलेला असतो तो ट्रॅक्टरकडच्या टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे त्याचं दुसरं टोक सरळ खाली न जाता कमानीत जातं. ऑगर खाली जाता जाता थोडा ट्रॅक्टरकडे किंवा त्याच्यापासून दूर ओढला जातो आणि खड्डा तिरका होतो. फूटभर खोदून झालं की थांबा, ऑगर वर घ्या आणि ट्रॅक्टर दोन-तीन इंच पुढे-मागे करून खड्ड्याशी सरळ जुळवा. एवढं करूनही थोडा तिरकेपणा राहतोच. 2 इंचांची फट असेल तर त्या तिरक्या खड्ड्यातही खांब ओळंब्यात उभा करता येतो. दुसरीकडे, ऑगर थोडा डुलतो त्यामुळे पडलेला खड्डा त्याच्या व्यासापेक्षा किंचित मोठाच भरतो. म्हणून 8 इंच पुरणार असतील तर 9 इंची घ्या, 12 इंचीवर उडी मारू नका.

खोदण्याआधी खालून विजेची केबल, पाण्याची किंवा गॅसची लाइन गेली आहे का याची खात्री करून घ्या. मग ओळीतला एकच खड्डा पाडा. दुसऱ्याकडे वळण्याआधी खांब त्यात उभा करा, ओळंब्यात आणा आणि पहार हातात घेऊन खांबाभोवती एक फेरी मारा. चारही बाजूंना ती तळापर्यंत सहज जात असेल तर ऑगर बरोबर आहे. एका जरी बाजूला अडकली तर ऑगर तेव्हाच बदला, अजून 99 खड्डे पाडायचे आहेत.